अकरावा सांधा

इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं, "येतोय का काही वास?" आणि मी सवयीनं मान हलवली, नाही म्हणून. एवढंच झालं. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आमची गॅसची नळी ब्लीचिंग खात्यातून निघून भिंतीत शिरते आणि पलीकडं सिंजिंगच्या शेडमध्ये निघते, त्या भिंतीपाशी आम्ही तिघं उभे होतो. मी, सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर बोकील साहेब आणि सिंजिंग मशिनीवरचा रामहरी. साहेबांनी नाकाला लावलेला रुमाल खाली घेतला, पुन्हा एकदा भिंतीशी वाकले आणि मग सरळ माझ्याकडं बघत राहिले. रामहरीही बघत राहिला. त्या दोघांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिथं वास आहे, चांगला भपकारा आहे, आणि तो न येणारा त्या शेडमध्ये मी एकटाच आहे. साहेबांनी आधी गॅसघराकडं माणूस पळवून मेन कॉक बंद करायला लावला, मशीन थांबवलं, आणि मग माझ्या हातातलं रजिस्टर घेऊन काखेत धरलं. इंजिनिअर साहेब धावत आले, नळी जुनी झालीय वगैरे सांगू लागले. बोकील साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, उद्या दहा वाजता सात रस्त्याच्या रेस्ट हाउसवर या, जबाब घ्यायचा आहे. नाक मुठीत धरून उभं राहायची वेळ म्हणतात ती हीच. धरायला तेवढं नाक शिल्लक होतं, हे खरं.

त्या रजिस्टरात काय होतं ते मला पाठ आहे. गिरणीतला कोरा कपडा गुळगुळीत दिसावा म्हणून त्याच्यावरची लव जाळून टाकतात, आणि त्या जाळासाठी पेट्रोलच्या वाफेचा गॅस लागतो. आवाराच्या टोकाला गॅसघर, तिथून सिंजिंगपर्यंत दोनशे दहा फूट नळी, नळीला चौदा सांधे. सरकारचा नियम असा की रोज सकाळी मशीन पेटवायच्या आधी माणसानं सगळी लाइन चालून जायची, प्रत्येक सांध्याशी थांबून वास घ्यायचा, आणि तसं रजिस्टरात लिहून सही करायची. शनिवारी साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते बघायचं. तेरा सांध्यांना साबण लागतो. अकरावा सांधा भिंतीच्या पोटात आहे, तिथं ब्रश पोचत नाही, म्हणून तिथं नाकाशिवाय इलाज नाही. माझी सही झाली की रजिस्टर सिंजिंगच्या खिडकीत ठेवायचं, रामहरीनं ते उघडून बघायचं आणि मग पलिता पेटवून मशिनीच्या तोंडाशी न्यायचा. रामहरीला धड वाचता येत नाही. तो फक्त माझ्या सहीतला 'रे' ओळखतो. दोन्ही भुवया त्यानं या कामात केव्हाच जाळून घेतल्यात, तरी लोकांना सांगायचा, रेवणप्पाची सही आसली म्हंजे मी डोळं मिटून पलिता लावतो. त्या दिवशीही सकाळी सात वाजता त्यानं तसाच लावला होता, त्या भिंतीपासून चार हातांवर.

दुपारच्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा मी गेटबाहेर पडलो, पण घराकडं पाय वळेनात. घरी तरी कोण आहे. शांतम्मा जाऊन आठ वर्षं झाली, पोरबाळ नाही. मी सिद्धेश्वरच्या तळ्याच्या कठड्यावर बसलो. लोक या तळ्याच्या पाण्याला वास येतो म्हणून नाकं मुरडतात, मला तो लहानपणापासून आवडायचा, आणि आता तो आहे की गेला ते मला माहीत नाही. एकाहत्तर सालच्या श्रावणात मला पंधरा दिवस ताप होता. उठलो तेव्हा पडसं आहे असं वाटलं. पडसं गेलं, पण वास परत आले नाहीत. माणसाचे डोळे गेले तर चार लोक रस्ता ओलांडून देतात. नाक गेल्याचं कुणाला सांगावं, लोक हसतील. भाकरी खाताना ती ज्वारीची आहे हे जिभेला कळायचं नाही, चावताना दातांना कळायचं. शेंगाचटणी नुसती तिखट लागायची, त्यातला लसूण गेला. इष्टलिंगाची पूजा करून विभूती लावायचो तर बोटांना नुसती राख. ब्लीचिंग खात्यात लोक डोळे पुसत बाहेर यायचे आणि मी आत मजेत उभा असायचो. मला आधी त्याची गंमत वाटली, मग एक दिवस भीती वाटली.

तो दिवस दिवाळीच्या सुमाराचा. मी लाइन चालत होतो, चौथ्या सांध्यापाशी थांबून काही नाही असं ठरवून पुढं निघालो होतो. मागून बाईचा आवाज आला, "ओ फिटर, हितं पेट्रोल मारतंय की." ती कमलम्मा. वाइंडिंग खात्यातली, रिळं भरायच्या कामावरची. तिची वाट लाइनीच्या कडेनंच जायची, पण तोवर मी तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं. चाळिशी उलटलेली, विधवा, एक मुलगा सिद्धाराम होटगीला रेल्वेत पॉइंट्समन. बोलताना अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि बोलून झालं की एक भुवई वर. मी पाना आणून सांधा आवळला. ती जायची सोडून तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, तुमाला आला न्हाय व्हय वास? खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण तिची ती भुवई वर गेली आणि मी सगळं सांगून टाकलं. तीन महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं ते एका बाईला, चौथ्या सांध्यापाशी. ती हसली नाही. एवढंच म्हणाली की उद्यापासून मी भोंग्याच्या आधी येत जाईन, तुमी लिवा, मी सांगते.

आणि ती आली. अडीच वर्षं आली. सकाळी साडेसहाला गॅसघरापाशी भेटायचं आणि चौदाव्या सांध्याशी निरोप घ्यायचा, वीस मिनिटांचं काम. सुरुवातीला ती सांध्याशी वाकायची आणि नुसतं "न्हाय" म्हणायची. मग एकदा पाचव्या सांध्याशी म्हणाली, न्हाय, पण कांजी आंबलीय, सायझिंगवाल्यांनी काल खळीचा हौद धुतला न्हाय. मी म्हटलं, अजून काय? तिनं नाक वर करून हवा घेतली आणि सांगितलं, कडुनिंबाला मोहोर आलाय, आन् वाचमननं कांदा परतायला टाकलाय. त्या दिवसापासून मी प्रत्येक सांध्याशी विचारू लागलो, अजून काय? कोळशाच्या ढिगापाशी ओल्या पोत्याचा वास असतो, लोकरीच्या जुन्या घोंगडीसारखा, हे मला तिनं सांगितलं. बॉयलरपाशी तापलेल्या लोखंडाचा. ब्लीचिंगपाशी ती पदर नाकाला लावून घाईघाईनं पुढं व्हायची आणि मी मुद्दाम हळू चालायचो. सगळं गाव मला पुन्हा मिळालं ते तिच्या तोंडून, रोज वीस मिनिटं. खात्यातले लोक म्हणायचे, निघाली बघा वरात लाइनीवर. मी रागावल्यासारखं करायचो. खरं म्हणजे रविवारी गिरणी बंद असायची याचा मला राग यायचा.

एक गोष्ट मी तिच्याकडून करवून घेतली तिची अजून लाज वाटते. शांतम्माचं एक इरकली लुगडं ट्रंकेत होतं. ती गेल्यावर पाच वर्षं मी ते अधूनमधून उघडून नाकाशी धरायचो, त्यात ती असायची, चूल आणि खोबरेल आणि तिच्या अंगाचा वास. ताप गेल्यावर उघडलं तर नुसतं कापड. मग एका सकाळी मी ते डब्याच्या पिशवीतून गिरणीत नेलं आणि गॅसघरामागं कमलम्मापुढं धरलं. सांग, म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, घडी मोडली, आत तोंड घातलं, बराच वेळ. मला वाटलं, ही आता खोबरेल म्हणेल. म्हणावं असं फार वाटत होतं, आणि म्हणाली असती तर मी लगेच विश्वास ठेवला असता. तिनं घडी परत घातली. "नुसत्या डांबरगोळ्या हायत, फिटर. दुसरं काय न्हाय. खोटं कशाला सांगू तुमाला?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, नुसतं लिहीत गेलो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ज्या बाईनं मला हेही खोटं सांगितलं नाही, तिचं अकराव्या सांध्याचं 'न्हाय' म्हणजे लोखंडावरची रेघ. आणि त्याच दिवशी, मला वाटतं, शांतम्मा गेली हे मला पहिल्यांदा खरं वाटलं. लुगडं मी पुन्हा ट्रंकेत टाकलं ते आजतागायत उघडलं नाही. सकाळची वाट मात्र जास्तच बघू लागलो.

मग यंदाच्या चैत्रात वाइंडिंग खात्यात नवी मशिनं आली आणि बायकांना घरी बसवलं. शेवटच्या दिवशी कमलम्मा लाइन दोनदा चालली, एकदा पुढं आणि एकदा मागं. अकराव्या सांध्याशी भिंतीला गाल लावून उभी राहिली. मग म्हणाली, आता दुसरं नाक बघा, फिटर, इंजिनिअर सायबाला सांगा आजच. मी सांगतो म्हणालो. तिनं भुवई वर केली. मी म्हटलं, शपथ. ती म्हणाली, शपथ नको, सांगा. चौदाव्या सांध्यापाशी ती थांबली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. काहीतरी बोलायचं होतं तिला, किंवा मी बोलावं म्हणून थांबली असेल. मी रजिस्टरात सही केली. सहीला इतका वेळ लागत नाही. मी मान वर केली तेव्हा ती गेटाकडं निघाली होती.

इंजिनिअर साहेबांना मी सांगितलं नाही. इथं चोराच्या मनात चांदणं होतं असं कुणाला वाटेल, की नोकरी जाईल म्हणून हा गप्प बसला. नोकरी गेली नसती. फार तर लाइनीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं असतं. पण लाइनीवरून काढलं तर सकाळी साडेसहाला मी कुठं जाऊ? दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. पहिल्या सांध्याशी थांबलो आणि कानात स्वच्छ ऐकू आलं, न्हाय. दुसऱ्याशी, न्हाय. पाचव्याशी, कांजी बरी हाय आज. मी चालत गेलो आणि ती सांगत गेली, आणि ती सांगेल ते मी लिहिलं. चार महिने रोज लिहिलं. मला ठाऊक होतं की ते माझंच मन बोलतंय, मी काही खुळा नाही. पण पाचव्या सांध्यापर्यंत ते ठाऊक असायचं आणि अकराव्यापर्यंत विसरलेलं असायचं. वीस मिनिटांची लाइन मी अर्ध्या तासाची केली. कमलम्मा मुलाकडं होटगीला राहायला गेली होती; होटगी इथून एक स्टेशन. ज्येष्ठात एकदा तिकीटही काढलं होतं. पॅसेंजर आली, माझ्यापुढून दारं गेली, आणि मी बाकावरून उठलो नाही. बावन्न वर्षांचा माणूस तिच्या मुलाच्या क्वार्टरच्या दारात उभा राहून काय सांगणार, की सकाळी करमत नाही म्हणून आलो? परत येऊन दुसऱ्या दिवशी तिला लाइनीवर भेटलो, ते सोपं होतं. पलीकडं रामहरी माझा 'रे' बघून पलिता पेटवत होता, याचा विचार या सगळ्यात मी कितीदा केला? खरं सांगायचं तर एकदाही नाही. माझ्या त्या अर्ध्या तासात तो नव्हताच.

कठड्यावर ऊन उतरू लागलं तसा मला रामहरी आठवला. त्याला जबाबाच्या आधी कळायला हवं, साहेबांकडून नाही, माझ्याकडून. तो रोज सुटला की गेटासमोरच्या हॉटेलात एक सिंगल चहा घेतो. मी गेलो, त्याच्यासमोर बसलो आणि नेहमीप्रमाणं माझी चंची टेबलावर ठेवली. वीस वर्षं तो माझ्याच चंचीतली तंबाखू खातो, स्वतःची बाळगत नाही, तसा आमच्यात करारच आहे. मी त्याला तापापासून सगळं सांगितलं. कमलम्माचंही सांगितलं, वाकून सांधा हुंगायची तेवढंच. त्याच्या चहावर साय धरली.

"चार म्हैनं?" तो म्हणाला.

"चार म्हैनं."

"मग मी रोज पलिता कशावर लावत हुतो?"

मी म्हणालो, माझ्या सहीवर. त्यानं हात वर नेऊन भुवयांच्या जागी फिरवला, जिथं नुसती गुळगुळीत कातडी आहे. आठवड्यापूर्वी त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीच्या पाचवीचं जेवण होतं, मी पहिल्या पंगतीला होतो. मला तेच आठवलं आणि त्यालाही तेच आठवलं असणार. मग तो उठला. हॉटेलवाल्याकडून तंबाखूची एक पुडी मागून घेतली, तिथंच उभ्यानं फोडली, मळली, तोंडात टाकली आणि निघून गेला. माझी चंची टेबलावर तशीच होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी सवयीनं साडेपाचला जाग आली. साडेसहा वाजले तेव्हा मी घरातच होतो आणि कितीही कान दिला तरी कमलम्मा काही बोलली नाही. बहुतेक ती लाइनीवरच राहिली होती. की मी रामहरीला सांगितलं तेव्हाच गेली, कोण जाणे. घरात इतकी शांतता मला शांतम्मा गेली तेव्हाही वाटली नव्हती.

दहा वाजता रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात बोकील साहेब टेबल टाकून बसले होते. समोर माझं रजिस्टर, शेजारी कोरे छापील कागद. चांगला माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. मला बसायला लावलं. म्हणाले, रात्री मी तुमचं रजिस्टर पूर्ण वाचलं. बाकीच्या गिरण्यांत एकच माणूस एकाच शाईनं महिन्याचं एकदम लिहून टाकतो ते लगेच ओळखू येतं. तुमचं तसं नाही. रोजची शाई वेगळी, रोजची वेळ वेगळी. एकदा लिहिलंय, चौथा सांधा आवळला. एकदा लिहिलंय, नववा, किंचित, वॉशर बदलला. असं अडीच वर्षांत सहा वेळा. हे सहा खोटे असू शकत नाहीत. "मग कालचा वास तुम्हाला कसा आला नाही?"

मी सांगितलं. रामहरीला सांगितलं होतं त्याहून जास्त सांगितलं, कांजी आणि निंबाचा मोहोरसुद्धा. साहेबांनी लेखणी खाली ठेवली होती. मी म्हणालो, साहेब, तपासणाऱ्याची सही असा जो रकाना आहे त्यात माझी सही आहे, पण तपासणारी ती होती. चैत्रापर्यंतची प्रत्येक नोंद खरी आहे आणि ती तिची आहे, माझी फक्त शाई. चैत्रानंतर लाइन कुणीच तपासलेली नाही. हे तुम्ही असंच लिहा. जुन्या पानांवर तिचं नाव घालायची परवानगी असली तर आत्ता बसून घालतो, सातशे असतील, आठशे असतील. साहेब म्हणाले, सरकारी नोंदीत मागाहून एक टिंब घातलं तरी तो गुन्हा आहे. पण जबाबात तिचं नाव घेता येईल, आणि जबाब रजिस्टरला कायमचा जोडलेला राहील. मग त्यांनी लिहायला घेतलं. माझं नाव, वय, हुद्दा. हे काम यापुढं मला देऊ नये अशी शिफारस त्यांनी मला वाचून दाखवूनच लिहिली, आणि लाइन नव्यानं टाकेपर्यंत मशीन बंद. मी हो म्हणालो. त्यानं रामहरीचा जीव वाचत होता आणि माझी सकाळ जात होती. आदल्या दिवशी कुणी हा सौदा पुढं केला असता तर मी काय म्हणालो असतो, ते विचारू नये.

मग ते दुसऱ्या व्यक्तीच्या रकान्याशी आले. नाव, त्यांनी विचारलं. कमलम्मा. राहणार? होटगी, रेल्वे क्वार्टर, मुलगा सिद्धाराम पॉइंट्समन. लेखणी पुढं सरकली आणि थांबली.

"जबाब देणाऱ्याशी नातं?" साहेबांनी वर न बघता विचारलं. "या बाई तुमच्या कोण?"

व्हरांड्याबाहेर माळी पाणी मारत होता. मी त्या मातीकडं बघत बसलो. कोणी नाही, असं म्हणता आलं असतं, आणि कायद्यानं ते बरोबर ठरलं असतं. गिरणीतली ओळख, असंही चाललं असतं. चार महिने मी रोज चौदा सांध्यांचं खोटं लिहीत होतो, त्यात आणखी एक काही जड नव्हतं. पण हे तिच्या नावासमोर लिहिलं जाणार होतं.

"साहेब, तेवढं रिकामं ठेवा," मी म्हणालो. "मी होटगीला जाऊन त्यांनाच विचारून येतो."

साहेबांनी वर बघितलं. हसले नाहीत. लेखणीचं टोपण लावलं, कागदावर वजन ठेवलं आणि म्हणाले की फाइल शनिवारपर्यंत त्यांच्याकडं आहे. साडेअकराची पॅसेंजर मिळण्यासारखी होती. मी चालत स्टेशनावर गेलो, तिकीट काढलं आणि या वेळी गाडी थांबायच्या आधीच बाकावरून उठलो.